लांडग्यांचा न आलेला हंगाम

ऑक्टोबर उजाडला की कॅरी गावातल्या आमच्या घराजवळच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात दर्शनी भागातले तंबू आणि पोहायचे चष्मे मागे जातात आणि त्यांच्या जागी नारिंगी टोप्या येतात. साधा नारिंगी नाही, डोळ्यांत खुपेल असा, रस्ता खणणाऱ्या कामगारांच्या जाकिटांचा असतो तसला. एका शिकाऱ्याची गोळी दुसऱ्याला लागू नये म्हणून घालायच्या त्या टोप्या. काउंटरवर पाटी लागते की शिकारीचे परवाने इथे मिळतील. मी मुलीचे सॉकरचे बूट घ्यायला गेलेली असते आणि आमच्या पुढचा गृहस्थ हरणाचा परवाना घेत असतो. माणूस चांगला दिसतो. मुलीकडे बघून हसतो, बाजूला सरकून तिला जागा देतो.

"आई, इज ही गोइंग टु किल समथिंग?" मुलगी कुजबुजते.

"हो. बहुतेक हरीण."

"इज दॅट अलाउड?"

"अलाउड आहे. रूल्स असतात त्याचे."

"ओह, ओके," ती म्हणते आणि बुटांच्या लेस निरखायला लागते.

तिचं समाधान झालेलं असतं. माझं होत नाही. नियम आहेत म्हणजे सगळं ठीकच असणार, असं मलाही एका उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाटलं होतं. त्या वर्षी मी शिकारीचे नियम रोज फोनवर लोकांना समजावून सांगत होते, आणि ज्या हंगामाचे ते नियम होते तो हंगाम आलाच नाही. आलेले कितीतरी हंगाम मी विसरून गेले आहे. हा न आलेला मात्र दर ऑक्टोबरात पुन्हा समोर उभा राहतो.

ही २००८ सालची गोष्ट. मी मूळची बारामतीकडची. पुण्यात संख्याशास्त्र शिकले आणि मग रानातली जनावरं मोजायचं शास्त्र शिकायला पश्चिम मोंटानातल्या एका विद्यापीठात येऊन पडले. माझ्या बॅचमधली मुलं क्युपर्टिनोला कोड लिहीत होती आणि वीकेंडला एकमेकांकडे पावभाजी करत होती. मी गमबूट घालून, बर्फ वितळून झालेल्या चिखलात लांडग्यांची विष्ठा पिशव्यांत भरत होते. "लांडगा आला का गं?" असं दादा दर रविवारी फोनवर विचारायचा आणि स्वतःच हसायचा. आईची तऱ्हा वेगळी. शिकाऱ्यांची भाषा कळावी म्हणून आमच्या सरांनी मला शिकारीतल्या सुरक्षिततेच्या वर्गाला घातलं होतं. त्याची परीक्षा मी पास झाले हे मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "अंडं फोडताना तोंड फिरवायचीस तू. हे कधी झालं?"

त्या भागातले लांडगे माणसांनी फार पूर्वीच विष घालून, सापळे लावून संपवले होते. मग त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं, उत्तरेकडचे डोंगर ओलांडून ते पुन्हा आले, वाढले. आणि त्या वर्षीच्या वसंतात सरकारने ठरवलं की आता पुरेसे झाले. संरक्षित प्राण्यांच्या यादीतून त्यांचं नाव निघालं, लांडगे राज्याच्या हवाली झाले, आणि राज्याने सांगितलं की येत्या पानगळीत लांडग्यांच्या शिकारीचा रीतसर हंगाम होईल. आपल्याकडे शिकार म्हटलं की एकतर मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या राहिलेल्या संस्थानिकांचे फोटो आठवतात, नाहीतर वनखात्याने पकडलेली चोरटी टोळी. तिकडे हरणाला हंगाम असतो, अस्वलाला असतो, रानातल्या टर्की कोंबड्यांनाही असतो. जनावरं राखणारं आणि परवाने देणारं खातं एकच. याचं मला आधी हसू आलं, मग कौतुक वाटलं, आणि मग काय वाटून घ्यावं तेच कळेना.

त्या खात्याच्या आमच्या गावातल्या कचेरीत मला उन्हाळ्यापुरती नोकरी मिळाली. सकाळी फोन घ्यायचे आणि दुपारी डोंगरावर जाऊन लांडगे ऐकायचे. फोनशेजारी नियमांचा मसुदा पडलेला असायचा. माणशी एकच लांडगा. कुत्री सोडायची नाहीत, आमिष ठेवायचं नाही, गाडीतून गोळी झाडायची नाही. प्रत्येक विभागात किती मारायचे याचा आकडा ठरलेला, तो भरला की तो विभाग बंद. म्हणून शिकाऱ्याने रोज सकाळी निघण्यापूर्वी फोन करून विचारायचं की आमचा विभाग अजून उघडा आहे का. मारल्यावर ठरावीक वेळेत कळवायचं, कातडं आणि कवटी कचेरीत आणून दाखवायची. पिल्लं लहान असतील त्या दिवसांत बंदुकीला हात लावायचा नाही. मला हे सगळं वाचताना बरं वाटायचं. कुणीतरी बसून, डोकं लावून, जनावराचा विचार करून हे लिहिलं आहे असं वाटायचं. खरंच तसं लिहिलंही होतं.

फोन करणारे लोक बहुतेक सभ्य असायचे. लांडगा आणि कायोटी लांबून ओळखायचे कसे, असं विचारायचे. कायोटी म्हणजे तिथला लहान चणीचा, आपल्या कोल्ह्याच्या जवळचा प्राणी. एक आजोबा नातीला पहिली शिकार लांडग्याची करू देता येईल का असं विचारत होते. आवाजात नातीचं इतकं कौतुक की मला त्यांचा राग धरता येईना. एकाने विचारलं, गळ्यात रेडिओचा पट्टा असलेला लांडगा मारला तर चालतं का?

मी फोनवर हात ठेवून आमचा साहेब डॅन याला विचारलं. डॅन लांडग्यांचा अभ्यासक. उंच, वाकलेला, सतत सूर्यफुलाच्या बिया चघळणारा. सिगरेट सोडल्यापासून त्याचं ते चालू होतं.

"चालतं," डॅन म्हणाला. "मारू नका अशी विनंती कर. पण चालतं. पट्टा तेवढा परत आणून द्यायला सांग. पट्टा आपला आहे."

"आणि लांडगा?"

"लांडगा परवान्याचा," तो म्हणाला आणि पुढच्या फोनकडे वळला.

मी ते तसंच फोनवर सांगितलं. त्या माणसाने माझे आभार मानले.

दुपारचं काम मला खरं आवडायचं. काही लांडग्यांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे घातलेले असत आणि प्रत्येक पट्ट्याचा आपापला सूर असे. दूरदर्शनच्या दिवसांत गच्चीवर असायचा तसला ॲन्टेना हातात धरायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि डोंगराच्या धारेवर हळूहळू गोल फिरायचं. आधी नुसती खरखर. मग कुठल्यातरी दिशेला टिक, टिक, टिक. म्हणजे ती तिथे आहे. "ती" म्हणजे माझ्या वाट्याची लांडगी. तिला नंबर होता, नाव नव्हतं. डॅनने नावं ठेवायला सक्त मनाई केली होती आणि मीही ठेवलं नाही. मनात नुसतं "ती" म्हणायचे. आपल्या बायका नवऱ्याला "हे" म्हणतात तेवढं ते सोपं आणि तेवढंच पक्कं होतं. तिला मी डोळ्यांनी फार थोड्या वेळा पाहिलं. राखाडी, पाय लांब, एक कान फाटलेला. एप्रिलपासून तिचा आवाज एकाच जागेवरून यायला लागला, तेव्हा डॅन म्हणाला की व्याली असणार. मे सरता सरता पिल्लं बाहेर आली. तिचा नर होता, आदल्या वर्षीची दोन-तीन मोठी पोरं होती. ती सगळी मिळून लहानग्यांना खाऊ घालायची. दुर्बिणीतून ते बघताना मला आमच्याकडचं लग्नघर आठवायचं. कोण कुणाचं ते कळत नाही आणि सगळे दमलेले असतात.

तिचा आवाज सगळ्यात स्वच्छ ऐकू यायचा तो वॉल्ट नावाच्या एका गुरंवाल्याच्या माळावरून. सत्तरी ओलांडलेला माणूस, त्याची बायको आयरीन, मांसासाठी पाळलेल्या काळ्या गाई आणि ओढ्याकाठी लसूणघासाची शेतं. त्याच्या जमिनीत पाऊल टाकायला परवानगी लागायची म्हणून पहिल्या दिवशी मी दार वाजवलं. इतक्या मोठ्या माणसाला नुसतं "वॉल्ट" म्हणायला माझी जीभ रेटेना. मिस्टर म्हटलं तर तो म्हणाला, मिस्टर माझा बाप होता. मग मी अडखळत सांगितलं की आमच्याकडे वडिलांच्या वयाच्या माणसाला काका म्हणतात. त्याला ते भलतंच आवडलं. त्यानंतर कचेरीत फोन केला की तो खर्जातल्या आवाजात म्हणायचा, "काका बोलतोय." डॅनला वाटायचं, आमची काहीतरी सांकेतिक भाषा आहे.

नातं एकदा तोंडाने जोडलं की ते अंगावर येतंच, हे आपल्या माणसांना निराळं सांगायला नको. मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जेवायला लागले. मी गाईचं मांस खात नाही याचा काकांनी कधी विषय काढला नाही. गाईंवर पोट असलेल्या घरात ही काही साधी गोष्ट नव्हती. आयरीनकाकू माझ्यासाठी बटाटे आणि चीज ओव्हनमध्ये भाजायच्या. मी कधी डब्यातून पिठलं न्यायचे, ते काका पावाला लावून खायचे.

अशाच एका जेवणात मी त्यांना आमच्याकडच्या धनगरांबद्दल सांगितलं. पिकं निघाली की धनगर मेंढरं घेऊन आमच्या शेतात उतरायचे, लेंड्यांचं खत व्हावं म्हणून वडील त्यांना बोलवायचे. माळावर लांडगे होतेच. एखादं कोकरू गेलं की धनगरीण रडायची, शिव्या द्यायची, आणि मग म्हातारा म्हणायचा, जाऊ दे, त्याचा वाटा तो नेणारच. लहानपणी मला ते किती मोठं वाटायचं, असं काहीतरी मी भरून येऊन बोलले.

काकांनी काटा खाली ठेवला. "त्या म्हाताऱ्याला कुणी विचारलं होतं का," ते म्हणाले, "की वाटा द्यायचा आहे का म्हणून?"

मी त्या म्हाताऱ्याकडे नेहमी आमच्या ओसरीवरून पाहिलं होतं. त्याची मेंढी आमची नव्हती.

हंगामाचे विभाग दाखवणारे नकाशे निखिल करायचा. निखिल नागपूरचा, माझ्याच विद्यापीठात उपग्रहाच्या चित्रांवरून जंगलं मोजायला शिकत होता आणि कचेरीत अर्धवेळ कामाला होता. पुढे त्याच्याशी माझं लग्न झालं, पण तेव्हा तो नुसता माझ्या फोडणीच्या वासाला येणारा मित्र होता. एक दिवस मी त्याच्या खुर्चीमागे उभी राहून पडद्यावर पाहिलं. जास्त शिकारीच्या विभागाची रेघ नेमकी ओढ्यावरून गेली होती आणि माझ्या लांडगीचं खोरं त्या रेघेच्या आत पडलं होतं. पलीकडच्या विभागात मारायचा आकडा अगदीच लहान होता.

"ही लाइन थोडी इकडे नाही का घेता येणार?" मी विचारलं.

"अगं, बाउंड्री मी डिसाइड करतो का?" तो म्हणाला. "मला वरून लाइन देतात. मी कलर भरतो यार."

"पण नकाशा तर तू करतोयस."

"म्हणून काय झालं? तू फोनवर रूल्स सांगतेस, ते काय तू बनवलेस?"

तो चिडला नव्हता. खरं तेच बोलत होता. आता इथे तो एका औषध कंपनीचा डेटा सांभाळतो. त्या नकाशाचा विषय निघाला की उठतो आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागतो.

मे महिन्यात हंगामावर लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली. शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या रिंगखाली. लोक भिंतींना टेकून उभे होते. ज्याला बोलायचं त्याने नाव द्यायचं आणि वेळ संपली की घंटी. मी आणि निखिल दारात नियमांचे कागद वाटत होतो. डॅनने मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू मोजणारी आहेस. मोजणाऱ्याने बाजू घेतली की त्याच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही." शिवाय मी विद्यार्थी व्हिसावरची परकी मुलगी. ते त्याने म्हटलं नाही, मीच मनाशी म्हटलं.

एक बाई लांडग्यांबद्दल बोलताना रडली. एक तरुण शिकारी म्हणाला की ज्या जनावराचा परवाना निघतो त्याची काळजी घ्यायला लोक पुढे येतात, हरणांचं बघा. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या कुणी खाकरलं. मग आयरीनकाकू उभ्या राहिल्या. "आमच्याकडे एक भारतातली मुलगी येते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी धनगराची गोष्ट सांगितली. चांगल्या मनाने सांगितली, भांडण निवावं म्हणून. पण गुरंवाल्यांपैकी एक जण बसल्या जागेवरून म्हणाला, "मग त्या मुलीने दोन वासरं विकत घेऊन वाटा द्यावा." लोक हसले. लांडग्यांच्या बाजूची मंडळीही हसली. काकू गोंधळून बसल्या. डॅन माझ्याकडे न बघता बिया चघळत राहिला.

त्यांच्यानंतर काका उठले. टोपी काढून हातात धरली.

"मला हा हंगाम हवाय," ते म्हणाले. "माझा बाप विष घालायचा. मी पोरगा होतो, मी बघितलंय ते मरण. मला तसलं नको. एखाद्याने परवाना घ्यावा, थंडीत दिवसभर बसावं, त्या जनावराकडे नीट बघावं आणि मग ठरवावं. बऱ्याच वेळा तो घरीच येईल. आला तर येऊ दे. पण ठरवायला माणूस असावा." घंटी वाजायच्या आत ते बसले.

मी लांडग्यांच्या बाजूची, निदान मनातून तरी होते, आणि त्या संध्याकाळभरात मला पटलेलं बोलणं तेवढं एकच होतं. हे मला तेव्हाही कुणाला सांगता आलं नाही.

जूनमध्ये तिथे सगळं एकदम येतं. कॉटनवुडच्या झाडांचा कापूस हवेत उडतो आणि कुंपणाच्या तारांना चिकटून बसतो. ओढे दुधी पाण्याने भरून वाहतात. कापलेल्या लसूणघासाचा वास गाडीच्या काचा बंद केल्या तरी आत येतो. काकांची वासरं आयांसोबत वरच्या कुरणात गेली होती आणि तिची पिल्लं त्याच कुरणाच्या कडेला, झाडीतल्या एका ओलसर मोकळ्या जागेत खेळायला लागली होती. मला दोन्ही माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. त्यांनी कुरणाला तारेवर लाल फडक्यांच्या पताका लावल्या, डॅनने दिलेले आवाजाचे भोंगे लावले, स्वतः तिथे ट्रकमध्ये झोपले. लांडगे काही दिवस घाबरले आणि मग सरावले.

एका सकाळी मी फोन घेतला तर पलीकडे काका. पण "काका बोलतोय" नाही, काही नाही.

"एक वासरू गेलं," ते म्हणाले. "अर्धं खाल्लंय. दुसरं जिवंत आहे, पण राहणार नाही."

"मी डॅनला देते फोन."

"थांब. त्याला दिला की काय होणार ते मला माहीत आहे. म्हणून तुला विचारतोय. मी काय करू?"

मी मसुद्याकडे बघितलं. तो सगळा पानगळीतल्या हंगामाचा होता. जूनमधल्या मेलेल्या वासराबद्दल त्यात एक ओळ नव्हती. त्यासाठी वेगळे नियम होते आणि ते फार छोटे होते. तक्रार करायची, माणूस येऊन वासरू बघणार, लांडग्यानेच मारलं असं ठरलं की पुढचं लांडगे मारायचं काम दुसरं खातं करणार. न सांगावं तर आणखी वासरं जाणार. काकांच्या घरात त्या वासरांशिवाय दुसरे पैसे येत नव्हते.

"काका, मला नाही माहीत," मी म्हटलं.

"मलाही नाही," ते म्हणाले. "दे त्याला फोन."

दोन दिवसांनी मी नेहमीसारखी दुपारी धारेवर गेले. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला विचारायचं त्यांना कारणच नव्हतं. पट्ट्याचा सूर कचेरीला माहीत होता आणि त्या दुसऱ्या खात्याच्या हेलिकॉप्टरमध्येही तसलाच रेडिओ असतो. मी हेडफोन चढवला, ती लगेच सापडली. टिक, टिक, अगदी जवळ, मोकळ्या जागेच्या बाजूला. मग हेडफोनबाहेरून दुसरा आवाज यायला लागला. हेलिकॉप्टर खोऱ्याच्या तोंडातून सरळ तिच्या दिशेने आलं. शोधत आलं नाही. जसं पत्ता माहीत असलेल्या घरी जातात तसं आलं. ज्या टिकटिकीवर मी दोन महिने जीव लावला होता तीच त्यांना वाट दाखवत होती.

गोळ्यांचे आवाज लांबून ट्रकचं दार आपटल्यासारखे येत होते. मी ॲन्टेना खाली ठेवला नाही. ठेवला असता तर काय झालं असतं, आणि धरला म्हणून काय झालं, तेही कळत नव्हतं. दार आपटत राहिलं आणि कानात टिक, टिक चालूच राहिली. हेलिकॉप्टर गेलं. टिकटिक हलत होती, ओढ्याकडे, मग वर. ती पळत होती. ती जिवंत होती. मला इतका आनंद झाला की मी तिथेच गवतात बसून रडले. अजूनही हॉस्पिटलचं हेलिकॉप्टर घरावरून गेलं की माझ्या हातातलं काम थांबतं, आणि त्या वेळी दुःखाच्या आधी मला तो वेडा आनंद आठवतो.

कचेरीत येऊन मी डॅनला म्हटलं, "ती सुटली."

डॅन माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं मला माहीत असणार. मग त्याने दार लोटलं आणि सावकाश सांगितलं. पट्टा असलेली मुद्दाम ठेवतात. ती एकटी राहिली की फिरते, दुसरा जोडीदार शोधते, नवी टोळी करते. मग ती टोळी कुठे आहे ते पट्टा सांगतो. पुन्हा पट्टा घालायचे कष्ट वाचतात.

"आणि पिल्लं?"

"पिल्लं नाहीत," तो म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. या माणसाने ती पिल्लं दुर्बिणीतून माझ्याइतकीच पाहिली होती. "हे मी ठरवत नाही," तो म्हणाला. त्या उन्हाळ्यात प्रत्येक जण मला हेच सांगत होता, आणि प्रत्येक जण खरं बोलत होता.

त्यानंतरही मी रोज धारेवर जात राहिले, कारण ते माझं काम होतं. ती कुठेही गेली नाही. जोडीदार शोधायला तर नाहीच. मोकळी जागा, ओढा, कुरणाची कड, पुन्हा मोकळी जागा. मी कागदावर तिच्या जागांचे ठिपके काढायचे आणि ते एकावर एक पडत जायचे. निखिल एकदा मागून बघून म्हणाला, "चुकून सेम पॉइंट टाकतेयस का?" मी म्हटलं, नाही. तो खुर्ची ओढून शेजारी बसला आणि माझ्याबरोबर ते ठिपके बघत राहिला. त्याच्याशी लग्न करावं असं मला वाटलं त्याचं कारण कुणी विचारलं तर मी दुसरंच काहीतरी सांगते.

लांडग्यांचं नाव यादीतून काढलं म्हणून त्यांच्या बाजूची मंडळी कोर्टात गेली होती, जुलैत त्याचा निकाल आला. लांडगे पुन्हा संरक्षित यादीत गेले. हंगाम रद्द. दिवसभर फोन वाजत होते. कुणी शिव्या दिल्या, कुणी आनंद व्यक्त केला. नातीसाठी परवाना विचारणारे आजोबाही पुन्हा बोलले. "बरं, पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. डॅनने नियमांचा मसुदा उचलून कपाटात ठेवला, निखिलचे रंगवलेले नकाशे गुंडाळून त्याच्यावर. क्युपर्टिनोच्या मैत्रिणीचा फोन आला. तिने बातमी वाचली होती. "काँग्रॅट्स यार," ती म्हणाली, "तुझे वुल्व्ह्ज सेफ झाले." मी थँक्स म्हटलं. एवढ्या लांबून केलेल्या फोनवर दुसरं काय म्हणणार?

त्या गुरुवारी मी काकांकडे गेले. वासरं मेल्यापासून गेले नव्हते. काकूंनी माझ्यासाठी बटाटे ओव्हनमध्ये ठेवले. उन्हं अजून होती, डोंगराच्या माथ्यावर पिवळी. जाळीचं दार उघडं होतं. आम्ही बसलो आणि पहिला घास घ्यायच्या आत कुरणाच्या बाजूने तो आवाज आला. लांब, सुरुवातीला खाली, मग चढत जाणारा. मी तिला इतके दिवस कानांनी ओळखत होते, पण तिचा स्वतःचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. तो संपला. मग ती थांबली. समोरून उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली, आणि पुन्हा सुरू झाली.

"रोज असंच," काकू म्हणाल्या. "याच वेळेला. हे जेवत नाहीत त्यामुळे."

काका टेबलावरच्या हातांकडे बघत होते. फार म्हातारे दिसत होते. "हंगाम असता," ते म्हणाले, "तर मी पहिला परवाना काढला असता. मी स्वतः गेलो असतो तिच्याकडे. हे असं तिला ठेवणं बरं नाही." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काही करता येतं का गं? तुला नियम माहीत आहेत. तिच्यासाठी कुणाला काही करता येतं का?"

मला नियम माहीत होते. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच ते अगदी पक्के होते.

"नाही काका," मी म्हटलं. "आता तिला कुणालाच हात लावता येत नाही."